साडूंचा अश्रूंचा व्यासंग

दुसऱ्याला रडताना पाहून माझ्या साडूंना जेवढा आनंद होतो तेवढा पुण्यात आणखी कुणालाही होत नसेल, आणि या बाबतीत पुण्यात स्पर्धा किती मोठी आहे हे मी वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की बाकीचे लोक तो आनंद दडवतात. साडू दडवत नाहीत. समोरच्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं की त्यांचा चेहरा उजळतो, हात शर्टाच्या खिशाकडे जातो आणि तिथून टीपकागदाची एक अरुंद पट्टी बाहेर येते. "पुसू नका, पुसू नका! जरा वर बघा," असं म्हणत ते ती पट्टी त्या बिचाऱ्याच्या खालच्या पापणीला अडकवतात. माणूस इतका चकित होतो की आपण कशासाठी रडत होतो तेच विसरतो. मग साडू हिरमुसतात. "एवढ्यात थांबलात?" असं ते एकदा एका विधुराला म्हणाले होते. माझं बुधवार पेठेत वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. शाईची पेनं गेली तसे टीपकागदही गेले, पण मी अजून ते मागवतो ते या एका गिऱ्हाइकासाठी. त्या पट्ट्या ते कुकरमध्ये वाफवून, वाळवून मगच वापरतात, त्यामुळे त्यांच्या घरी कुकरची पहिली शिट्टी झाली म्हणून पाहुण्याने हात धुवायला उठायचं नसतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. निवृत्त होईपर्यंत त्यांनी एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवलं आणि उरलेलं आयुष्य लायसोझाइम नावाच्या एका प्रथिनाला वाहिलं. हे प्रथिन अश्रूंत असतं, थुंकीत असतं, शेंबडात असतं, आईच्या दुधात असतं, अंड्याच्या पांढऱ्या भागात असतं. थोडक्यात, यातल्या निम्म्या गोष्टींचं नाव जेवताना काढू नये, आणि साडू ते जेवतानाच काढतात. त्याचं काम भिंती पाडायचं. जिवाणूच्या अंगाभोवती साखरेच्या साखळ्यांनी विणलेली एक भिंत असते. लायसोझाइम त्या साखळ्यांचे सांधे कापतं, भिंत खचते, बाहेरचं पाणी आत घुसतं आणि जिवाणू फुगून फुटतो. नोटीस नाही, पंचनामा नाही, थेट पाडापाडी. काही जिवाणू भिंतीवरून आणखी एक रेनकोट घालून हिंडतात, त्यांच्यापुढे मात्र एकट्या लायसोझाइमचं फारसं चालत नाही, आधी दुसऱ्या कुणीतरी येऊन तो रेनकोट फाडावा लागतो. आणि पाडलेल्या भिंतीचे तुकडे विखुरले की शरीराच्या आतल्या फौजेला कळतं, दारात कोण आलं होतं ते. हे सगळं मला इतकं पाठ झालंय की गिऱ्हाईक नसेल तेव्हा मी दुकानात स्वतःशी पुटपुटतो. त्यांच्या घरी टीव्ही लावायच्या आधी पाहुण्यांना एक खेळ दाखवतात. एका काचेच्या नळीत जिवाणूंनी गढूळ झालेलं पाणी असतं, त्यात साडू कुणाच्या तरी अश्रूंचा थेंब सोडतात, आणि आपण सगळ्यांनी ते निवळेपर्यंत बघत बसायचं. निवळलं की टाळ्या वाजवायच्या. न वाजवल्यास चहा उशिरा येतो.

मास्कच्या त्या दिवसांत आमच्या सगळ्या नातेवाइकांत सॅनिटायझरची बाटली न बाळगणारे ते एकटेच. सोसायटीतले लोक लिफ्टची बटणं कोपराने दाबत होते तेव्हा हे, "माझ्या नाकात यंत्रणा आहे," असं सांगत तीच बटणं बोटाने दाबत वर-खाली करत होते. पुढे व्हायचं तेच झालं आणि दोन आठवडे खोलीत कोंडून घ्यावं लागलं. मी फोन केला तर आजारापेक्षा अपमानाने जास्त खचलेले. "अहो, तो विषाणू आहे, जिवाणू नव्हे. त्याला भिंतच नसते. पाडणार काय? हा अन्याय आहे," असं खोकत खोकत म्हणाले. ताप उतरला, पण त्या विषाणूच्या असंस्कृत वागण्याबद्दलचा त्यांचा राग आजही उतरलेला नाही.

साडूंचा जीव लायसोझाइमच्या कर्तबगारीपेक्षाही त्याच्या चिकटण्यावर जास्त आहे. त्यांचं संशोधन त्यावरच होतं. हे प्रथिन दिसेल त्याला चिकटतं. काच दिसली, चिकटलं. डोळ्यात घालायची लेन्स दिसली, चिकटलं. काचेवर ते बहुधा अंग सावरून बसतं आणि आपलं काम विसरत नाही. पण पाण्याचं वावडं असलेल्या एखाद्या प्लास्टिकवर बसलं की हळूहळू सैलावतं, उलगडतं, पसरतं, आणि एकदा पसरलं की भिंती पाडायचं साफ विसरतं. यावरून साडूंनी मनुष्यस्वभावाचा एक सिद्धांत काढला आहे आणि तो ते योग्य त्या ठिकाणी कधीच मांडत नाहीत. सोसायटीच्या वार्षिक सभेत ते उठून म्हणाले, "आपले अध्यक्ष बघा. खुर्चीवर बसेपर्यंत किती धारदार माणूस होता! बसला, पसरला, संपला." अध्यक्ष समोरच होते. त्यांनी शांतपणे इतिवृत्तात नोंद करायला सांगितली की सदस्याने शास्त्रीय माहिती दिली. रुमालावर साडूंचा राग आहे तोही याच कारणाने. "सुताला चिकटलं की गेलं!" असं ओरडत ते शोकाकुल माणसाच्या हातातून रुमाल ओढून घेतात.

आमच्या एका भाचीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी ती आईच्या गळ्यात पडून रडत होती आणि कार्यालयातलं वातावरण अगदी जड झालं होतं. साडू गर्दीतून वाट काढत पुढे गेले आणि कुणाला काही कळायच्या आत मुलीच्या दोन्ही डोळ्यांखाली दोन पट्ट्या लोंबू लागल्या. फोटोग्राफरने सवयीने फोटो काढला. नवऱ्या मुलाच्या आत्याबाई पुढे आल्या आणि त्यांनी विचारलं, "ही तुमच्याकडची पद्धत का?" मुलीची आई काय बोलणार? अब्रूचा प्रश्न होता. ती म्हणाली, "हो." पुण्यात एखाद्या गोष्टीला पद्धत म्हटलं की तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. आत्याबाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "मग आमच्याकडच्यांनाही लावा की. नंतर बोलणी नकोत." साडूंनी त्या दुपारी वरपक्षाच्या सात बायकांना पट्ट्या लावल्या. त्यातल्या पाच जणींना रडू येत नव्हतं, पण मानाचा प्रश्न असल्यामुळे त्यांनी आणलं. त्या वरपक्षाच्या घरात पुढच्या लग्नाच्या वेळी मला आधीच निरोप आला, टीपकागद गुलाबी रंगात मिळेल का म्हणून.

त्यांच्या बुद्धिमत्तेबद्दल गैरसमज होऊ नये म्हणून मार्केट यार्डाची गोष्टही सांगितली पाहिजे. ते बिबवेवाडीला राहतात, यार्ड जवळच. एका सकाळी त्यांना सुचलं की कांद्याच्या विभागात हजारो पोती उतरतात, तिथे अश्रूंचा पूर असणार. खिसा भरून पट्ट्या घेऊन गेले आणि दुपारपर्यंत पोत्यांच्या थप्प्यांमध्ये उभे राहिले. हमाल पाठीवर पोती घेऊन हसत-खिदळत जात होते. शेवटी एका अडत्याने त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि विचारलं, "काय हवंय काका?" साडूंनी सांगितलं. तो म्हणाला, "अहो, मग कांदा चिरायला नको का?" अख्खा कांदा कुणालाही रडवत नाही ही गोष्ट तिशी ओलांडलेल्या कुठल्याही माणसाला ठाऊक असते. साडूंना ती नवीन होती, आणि घरी येऊन त्यांनी ती शोध लागल्यासारखी सांगितली.

हे सगळं ज्यांनी सोसलं त्या ताई, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीबाई. ताई मुळात मितभाषी, आवाज न करता रडणाऱ्या. संध्याकाळच्या मालिका बघताना त्यांचे डोळे घळाघळा वाहत आणि साडू शेजारी बसून पट्टी भरून घेत. मालिकेत काय चाललंय याची त्यांना गंधवार्ता नसे, पण कुठल्या मालिकेत पट्टी कुठवर भिजते ते तोंडपाठ. फ्रिजमध्ये लोण्याच्या कप्प्यात ताईंच्या अश्रूंच्या डब्या. "आमच्याकडे लोणी मागताना जरा विचारून मागा," असं त्या पाहुण्यांना सांगत. मी एकदा त्यांना म्हटलं, "तुम्हाला राग येत नाही?" तर म्हणाल्या, "बाकीच्यांचे यजमान बायको रडायला लागली की उठून जातात. हे जवळ येऊन बसतात." मी विषय बदलला, कारण माझी बायको शेजारीच उभी होती.

आणि मग पट्टी कोरडी येऊ लागली. साडूंनी आधी कागदाला दोष दिला आणि माझ्या दुकानात येऊन भांडले. मग मालिकेला दिला. "लेखक बदललाय का बघा," म्हणाले. ताई मात्र सांगत होत्या की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, उजेड बोचतो, घास गिळताना पाणी लागतं. डॉक्टरांनी निदान केलं. शरीराची फौजच चुकून स्वतःच्या अश्रूंच्या ग्रंथींवर उलटली होती आणि त्या सुकत चालल्या होत्या. ताईंना आता रडू आलं तरी डोळ्यांत पाणी येणार नव्हतं. साडूंच्या कपाटात लायसोझाइमची पांढरी पूड बाटल्यांतून भरून ठेवलेली होती, आणि बायकोच्या डोळ्यात त्यातला कणही घालता येत नव्हता. "अश्रू म्हणजे काही एकटं लायसोझाइम नव्हे हो," ते मला म्हणाले. "तेल असतं, पाणी असतं, चिकट पदार्थ असतो, आणखी कितीतरी प्रथिनं असतात. माझं आयुष्य त्यातल्या एकापाशीच गेलं." त्या दिवशी त्यांचा मला मनापासून कळवळा आला. डॉक्टरांनी दिले ते साधे थेंब. "मीठ, पाणी आणि थोडा बुळबुळीतपणा," अशी साडूंनी त्यांची संभावना केली. तरी घड्याळ लावून ते थेंब घालू लागले ते तेच, आणि त्यासाठी ते कुठलंही व्याख्यान मध्येच थांबवत, स्वतःचंसुद्धा.

त्याच वर्षी माझ्या सासूबाई गेल्या. त्या खडकीला मुलाकडे, म्हणजे ताईंच्या पाठच्या भावाकडे राहत. मेहुणे दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला, क्वार्टरमध्ये राहणारे, मशीनच्या आवाजावर मात करून बोलायची सवय लागलेले, आणि मनाने अत्यंत हळवे. आईचं सगळं त्यांनी शेवटपर्यंत स्वतःच्या हातांनी केलं. त्या दिवशी ते ओक्साबोक्शी रडत होते. ताई आईच्या पायाशी बसून होत्या. डोळे लालबुंद, पण कोरडे ठणठणीत. मागून कुणीतरी नातेवाईक म्हणाली, "लेकीच्या डोळ्यांत टिपूस नाही, बघितलंत?" ते मेहुण्यांच्या कानावर गेलं. त्यांनी वळून बहिणीकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ताई, आईसाठी दोन थेंबसुद्धा नाहीत तुझ्याकडे?"

मी त्यांना बाजूला घेऊन आजार सांगितला. "डोळ्यांना झाला असेल. आवाजालाही झालाय का?" असं म्हणून ते निघून गेले. ताईंना म्हटलं, तुम्ही स्वतः सांगा. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांचं पत्र दाखवून दुःख सिद्ध करू का मी?" तरीही प्रकरण निवळलं असतं. पण तेराव्याला, जेवणं झाल्यावर, साडू उभे राहिले. बायकोची बाजू मांडायची म्हणून उभे राहिले, हे आजही मी शपथेवर सांगेन. पण त्यांनी सुरुवात केली ती अशी: "रडणं आणि दुःख यांचा नेमका काय संबंध आहे हे आपल्याला वाटतं तेवढं स्पष्ट नाही. आता यांचंच उदाहरण घ्या," आणि त्यांनी हात केला तो मेहुण्यांकडे, ज्यांच्या डोळ्यांतून त्या क्षणीही धारा लागल्या होत्या. शिवाय दुसऱ्या हातात पट्टी. मेहुणे म्हणाले, "भावोजी, तुमचे कागद खिशात घाला आणि तिला घेऊन जा."

ताईंचं माहेर त्या दिवशी तुटलं. आईवडील गेल्यावर माहेर म्हणजे तो एक भाऊच होता. दिवाळीत भाऊबीजेला त्यांनी निरांजन, सुपारी, अक्षता घालून ताट तयार ठेवलं. आम्ही दोघं तिथेच होतो. दिवेलागण झाली, जेवायची वेळ टळून गेली. शेवटी ताईंनी ताट उचलून आत ठेवलं. साडू मधूनमधून उठून जिन्यापर्यंत जाऊन येत होते. कशाला, असं विचारल्यावर म्हणाले, "जिन्यातला दिवा गेलाय का बघतो."

वर्षश्राद्धाचं बोलावणं आलं ते माझ्या बायकोमार्फत, कोरडं. "सगळ्यांना सांग," एवढंच. आम्ही चौघं माझ्या गाडीने खडकीला गेलो. वाटेत बायकोने साडूंना स्वच्छ बजावलं, "भावोजी, आज तिथे तोंड उघडायचं नाही. विज्ञान तर नाहीच नाही." साडूंनी मान डोलावली. विधी झाले. बाहेरच्या खोलीत सासूबाईंच्या तसबिरीला हार घातलेला होता, समोर धूप जळत होता. बाकीचे लोक पानं मांडायला आत गेले होते. धुराने ताईंचे डोळे चरचरू लागले, त्यांनी साडूंना खूण केली. साडूंनी बाटली काढली, "वर बघ," म्हणाले आणि ताईंनी तसबिरीच्या दिशेने मान वर केली. पहिला डोळा झाला. दुसऱ्या डोळ्यावर बाटली धरली आणि त्याच वेळी आतून मेहुण्यांचा कारखानी आवाज आला, "चला, पानं घेतली!" साडू दचकले. बाटली दाबली गेली. दुसऱ्या डोळ्यात थेंब न पडता धारच लागली, ती सावरताना पहिल्यातही आणखी ओतलं गेलं, आणि ताईंच्या दोन्ही गालांवरून पाणी हनुवटीपर्यंत ओघळलं.

मेहुणे हातात पाण्याचा तांब्या घेऊन दारात आले. त्यांना दिसलं ते एवढंच की आईच्या तसबिरीसमोर ताई बसली आहे, तिची मान वर आहे आणि तिचे गाल भिजले आहेत. तांब्या कलंडला. "ताई," एवढंच त्यांच्या तोंडून आलं आणि ते खाली बसून तिला बिलगले. बाप्या माणूस, लहान मुलासारखा हुंदके देत होता. "माझं चुकलं ताई. मला वाटलं... माझं चुकलं."

मी साडूंकडे बघितलं. माझ्या बायकोनेही बघितलं. या माणसाने गुरुजींना मंत्राच्या मध्येच चरणामृताचं रसायनशास्त्र सांगितलं होतं, नवरीला रडता रडता थांबवलं होतं, प्रत्यक्ष डॉक्टरांच्या भिंतीवरल्या तक्त्यातली चूक दाखवली होती. खोटी गोष्ट समोर घडली आणि ते गप्प बसले असं आमच्यापैकी कुणीच कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांचे ओठ हलले. मेहुण्यांचं डोकं ताईंच्या खांद्यावर होतं आणि ताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "उगी रे," त्या म्हणाल्या, आणि आवाज इतका कापरा की मला तिथे उभं राहवेना. साडूंनी मुठीतली बाटली हळूच पाठीमागे नेली. मग खाली वाकून तांब्या उचलला आणि फरशीवरचं पाणी स्वतःच्या रुमालाने पुसायला लागले.

परत येताना गाडीत ते माझ्या शेजारी बसले होते, बहिणी मागे. संगमपूल आला. मग मला राहवलं नाही. "बोलला नाहीत ते?" असं मी हळूच विचारलं.

"त्या थेंबांत काहीच नव्हतं हो," साडू समोर रस्त्याकडे बघत म्हणाले. "लायसोझाइमचा एक रेणूसुद्धा नाही. नुसतं मिठाचं पाणी. तरी तो केवढा रडला!"

"मीपण रडले," मागून ताई म्हणाल्या.

साडू वळले. त्यांनी मागे बसलेल्या बायकोच्या चेहऱ्याकडे नीट, बराच वेळ बघितलं. तिचे डोळे पुन्हा कोरडे झाले होते.

"हो," ते म्हणाले. "मी बघितलं."